रहेमत गवंड्याची जोड

बुलढाण्याच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला मास्तरांनी एकदा ‘ॲनेक्स’ हा शब्द दिला आणि त्याचे दोन अर्थ वहीत उतरवून घ्यायला लावले. एक, दुसऱ्याचा मुलूख आपल्या मुलखाला जोडून घेणे. दोन, मोठ्या इमारतीला लागून बांधलेली लहान इमारत.

मी उभा राहून विचारलं, “सर, पहिल्या अर्थात ज्याचा मुलूख असतो त्याला विचारावं लागतं का?”

“बस खाली,” मास्तर म्हणाले.

मग माझ्या शेजारच्यानं विचारलं, “सर, आपलं वऱ्हाड ॲनेक्स झालं का?”

मास्तरांनी आधी दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, वऱ्हाड खालसा झालेलं नाही. ते हैदराबादच्या निजामाचंच आहे. सरकारनं ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं आणि कारभारापुरतं मध्यप्रांताला जोडलं.

“म्हणजे घर त्याचं, राहतो हा,” शेजारचा म्हणाला. त्यालाही खाली बसवलं.

शब्दाचा वाक्यात उपयोग करायचा होता. मी लिहिलं, ‘भगवानरावांनी रहेमतुल्ला गवंड्याची जागा ॲनेक्स केली.’ मास्तरांनी खाली लाल शाईनं शेरा मारला, ‘उपयोग बरोबर. गावच्या भानगडी वहीत नकोत.’

आमच्या जानेफळात हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता आणि कोणाचं अडतही नव्हतं. आमच्याकडं राज्य घेतलं तर खालसा केलं म्हणतात, शेजाऱ्याची जागा घेतली तर दाबली म्हणतात आणि घराला खोली वाढवली तर जोड काढली म्हणतात. तीन कामं, तीन शब्द. साहेबानं तिन्ही कामांना एकच शब्द ठेवला, त्याअर्थी त्याला ती तिन्ही एकदमच करायची सवय असावी.

रहेमतुल्ला, म्हणजे आमचा रहेमतचाचा, याची गोष्ट या तिन्ही शब्दांतून जाते.

त्याचा बाप नजीर मिस्तरी मूळ रोहिणखेडचा. तिथल्या जुन्या मशिदीचा गिलावा पाहून पाहून त्याला चुन्याचं वेड लागलं. जानेफळात येऊन त्यानं स्वतःचं घर बांधलं आणि घराच्या उगवतीला सात हात रुंद, सोळा हात लांब अशी पट्टी मोकळी ठेवली. पट्टीच्या पलीकडं भगवानरावांचं घर. भगवानराव मोठे कास्तकार. गावात त्यांच्या शब्दाला वजन, आणि त्या वजनाखाली बऱ्याच जणांची बोटं अडकलेली.

त्या पट्टीत नजीर मिस्तरीनं दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या. पहिली, चुन्याचा हौद. भाजलेला चुना पाण्यात विझवायचा, हौदात टाकायचा, वर पाणी ठेवायचं आणि विसरून जायचं. वर्ष गेलं की तो दह्यासारखा होतो, दहा वर्षं गेली की लोण्यासारखा. रहेमतचाचाचं नूरजहांचाचीशी लग्न झालं त्या साली म्हाताऱ्यानं तो हौद काठोकाठ भरला आणि सांगितलं, “याले हात लावायचा नाही. तुले जोड काढायची पाळी येईन, तेव्हा कामात घेजो.”

दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीचे दात. पुढं भिंत वाढवायची असेल तर गवंडी कोपऱ्याचे दगड एकाआड एक वीतभर बाहेर काढून ठेवतो. उद्या नवी भिंत आली की तिचे दगड या दातांत बसतात आणि जुनी-नवी भिंत एकजीव होते. पण दातांचं काम एवढंच नाही. गावठाणातल्या घरांचा कोणी नकाशा काढलेला नव्हता, कोणाकडं कागद नव्हता. ज्याच्या भिंतीचे दात मोकळ्या जागेकडं, त्याची ती जागा, एवढाच कायदा. बापजाद्यांपासून गावानं तो पाळला होता. भगवानरावांनीही पाळला, सवड मिळेपर्यंत.

दिल्लीच्या दरबाराच्या साली चाचाला बुलढाण्यात मोठं काम लागलं. एका कचेरीला दोन खोल्या जोडायच्या होत्या. नवरा-बायको सहा महिने तिकडं राहिले. उन्हाळा संपता संपता परत आले तर पट्टीत भगवानरावांच्या म्हशी बांधलेल्या. हौद मुरूम टाकून बुजवलेला, वर सारवलेलं. आणि चाचाच्या भिंतीचे दोन्ही कोपरे छिन्नीनं सफाचट केलेले.

चाचा तसाच, डोक्यावरचं गाठोडं न उतरवता, भगवानरावांच्या ओट्यावर गेला.

“भगवानराव, माह्या भिंतीचे दात कोठी गेले?”

भगवानराव सुपारी कातरत होते. “म्हातारपणी दात पडतेच, मिस्तरी. भिंत जुनी झाली तुमची.”

ओट्यावरचे चार जण हसले.

“अन् हौद?”

“कोणता हौद? उकिरडा होता आमचा. साफ केला.”

चाचानं पंच बसवले. पंचांनी पट्टी पाहिली, म्हशी पाहिल्या, भगवानरावांकडं पाहिलं आणि मग बराच वेळ आपापल्या जोड्यांकडं पाहिलं. एक जण म्हणाला, “हौद व्हता म्हंता तं असंन बाप्पा, पण आता तं दिसत नाही.” एवढ्यावर पंचायत उठली.

घरी नूरजहांचाची वाट पाहत होती. तिला सगळं ऐकायची गरज पडली नाही, चेहऱ्यावरून कळलं. ती म्हणाली, “अब्बांचा चुना व्हता तो. त्याच्यावर म्हशी मुतून राह्यल्या, अन् तुमी पंचायले पाणी पाजून राह्यले.”

 चाचा उठून भिंतीजवळ गेला आणि जिथं दात होते तिथं हात फिरवत उभा राहिला.

वर्षभरानं भगवानरावांना बैठक हवी झाली. पोराचं लग्न ठरलं होतं. शिवाय दौऱ्यावरचा तहसीलदार दर वेळी पाटलाकडं चहा पितो, तो आपल्याकडं प्यावा, ही त्यांची जुनी हौस. जागा तर तयारच होती. राहिला गवंडी. मेहकरला पुष्कळ गवंडी होते, पण मग त्यात मजा काय राहिली? भगवानराव चार माणसं बरोबर घेऊन चाचाच्या दारात आले.

पुढची हकिगत मोतीरामनं सांगितलेली. मोतीराम चाचाच्या हाताखालचा माणूस, दगड घडवण्यात पक्का आणि गप्प बसण्यात कच्चा. पण ही एक गोष्ट त्यानंही अकरा वर्षं पोटात ठेवली, यावरून काय ते समजा.

“मिस्तरी,” भगवानराव म्हणाले, “माह्या घराले जोड काढायची हाये. तुमच्या हातची पाह्यजे.”

“कोठी?”

“कोठी म्हंजे? या मधातल्या जागेत.”

बरोबरचे चौघे चाचाचं तोंड कसं होतं ते पाहायलाच आले होते. चाचानं शांतपणे जागेवर नजर टाकली. “तीन भिंती घाला लागतीन. समोरची, मागची अन् माह्या बाजूची.”

“तुमच्या बाजूची कायले? तुमची भिंत उभी हाये नं. तिलेच टेकवू.”

चाचानं त्यांना तेव्हा एकदा सांगितलं, हे मोतीराम शपथेवर सांगतो. “भगवानराव, दुसऱ्याच्या भिंतीचा आधार घेऊ नका. आपली भिंत आपण उभी करा. दीड हात जागा जाईन, पण काम साफ राहीन.”

“दीड हात जागा काऊन सोडू बे मी?” भगवानराव हसले. “दोनच भिंती घाल. समोरची अन् मागची.”

चाचानं मान हलवली. “ठीक हाये. पण काम माह्या पद्धतीनं होईन. मधात कोणी बोलायचं नाही.”

“बांध लेका, कसं बांधायचं ते बांध.”

सुपारीची खांडं तोंडात टाकून मंडळी गेली. त्या दिवशी गावात दोनच विषय होते, भगवानरावांची हुशारी आणि रहेमतुल्लाचा निर्लज्जपणा.

काम सुरू झालं. चाचा सकाळी ओळंबा घेऊन जायचा, संध्याकाळी पांढरा होऊन यायचा. रस्त्यानं जाणारे विचारायचे, “काय मिस्तरी, आपली जागा कशी वाटते पाह्याले?” चाचा म्हणायचा, “लांबून चांगली वाटते.”

आता हे बांधकाम कसं झालं ते नीट सांगायला पाहिजे, कारण सगळा सूड त्यातच आहे. समोरची आणि मागची अशा दोन नव्या भिंती दोन घरांच्या मधे उभ्या राहिल्या. चाचाच्या बाजूला त्यानं आपल्याच जुन्या भिंतीचे एकाआड एक दगड काढले, हातभर खोल, आणि नव्या भिंतीचे दगड त्यात बसवून चुन्यानं असे बांधले की जुनं कुठं संपतं ते सुतळी लावूनही कळू नये. भगवानरावांच्या बाजूला मात्र त्यानं एकही दात घातला नाही. नवी भिंत त्यांच्या भिंतीला नुसती नेऊन भिडवली. मधे वरपासून खालपर्यंत सरळ फट. फटीत गारा, म्हणजे नुसता चिखल, आणि काडीकचरा, वरून गिलावा.

तुळयांचंही तेच. चाचाच्या बाजूची टोकं त्याच्या भिंतीत हातभर आत. दुसऱ्या बाजूची टोकं भगवानरावांच्या भिंतीला न शिवता सागवानी खांबांवर. खांबांवर त्यानं कमळं कोरून घेतली, त्यामुळं भगवानराव खूश झाले. भिंतीपुढं खांब कशाला, हे त्यांनी विचारलं नाही.

मोतीरामनं विचारलं. “उस्ताद, तिकडच्या बाजूनं फट राह्यली.”

“राहू दे.”

“थापी जाते आरपार.”

“तुह्या तोंडात गेली तं सांगजो. हात चालव.”

शेवटी, दुपारी भगवानराव जेवून झोपले असताना, चाचानं आपल्या घराच्या आतून, आपल्याच भिंतीत, माणूस वाकून जाईल एवढी कमान बांधली आणि तिच्या पोटात नुसते मातीत बसवलेले दगड भरून दोन्हीकडून गिलावा केला. मोतीराम पाहत राहिला. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. चाचानं त्याच्या खांद्यावर चुन्याचा हात ठेवला. “तुह्या पोटात राहीन?”

“राहीन.”

“नाही राह्यलं तं याच भिंतीत तुलेही बसवीन.”

घरात नूरजहांचाची ताट वाढून ठेवायची आणि तोंड फिरवून बसायची. एकदा म्हणाली, “दुसऱ्यानं थुंकलं तं पुसता येते. तुमी तं त्याच्यासाठी पिकदाणी घडवून राह्यले.” चाचानं घास गिळला. तिला कमानीबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. चाची मनानं सरळ, राग आला की पाणवठ्यावर बोलून मोकळी होणारी. सांगितलं असतं तर सांजपर्यंत मेहकरला कळलं असतं.

बैठक झाली. निळा रंग, वर कवेलूंचं छप्पर, भिंतीवर दोन आरसे, लोड-तक्के. लग्न लागलं. तहसीलदारानं चहा घेतला. दर दिवाळीला भगवानराव मुद्दाम चाचाला सफेदी करायला बोलावत आणि पाहुण्यांना सांगत, “हे आमचे शेजारी. यायनंच बांधली.” चाचा कुंचला फिरवत फिरवत एका जागी आला की बोटाच्या पेरानं भिंत वाजवायचा. आतून पोकळ आवाज आला की पुढं सरकायचा.

जर्मनीशी चाललेली लढाई संपताना जो ताप आला त्यात नूरजहांचाची गेली. नवरा बायलाच निघाला, हे मनात धरून गेली. चाचानं तेव्हाही सांगितलं नाही. म्हणजे असं की, सांगणार होता, पण शेवटचे दोन दिवस तिला ऐकू येत नव्हतं. हे तो मला पुढं एकदा बोलून गेला आणि लगेच ओळंब्याची दोरी गुंडाळायला लागला.

मी मॅट्रिक होऊन एका वकिलांकडं नकला करायला लागलो तेव्हाची गोष्ट. सुटीला घरी आलो होतो. चैत्र चालू होता. चाचा दारात चुना चाळत बसला होता. मी नवा नवा कायदा शिकलेला, म्हणजे दिसेल त्याला पाजायचा.

“काय वकीलसाहेब,” चाचा म्हणाला, “काय शिकून राह्यले?”

“चाचा, एक मजा सांगू? दुसऱ्याची जागा कोणी बारा वर्षं उघडउघड दाबून ठेवली, अन् मालकानं काही केलं नाही, तर कायद्यानं ती दाबणाऱ्याचीच होते.”

चाळणी थांबली.

“किती वर्षं?”

“बारा.”

“कोण म्हंते?”

“कायदा.”

“कायद्यानं कधी चुना मळला का बे?” चाचा उठून उभा राहिला. त्याला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बोटं मोजायला लागला. दरबाराचं साल, लग्नाचं साल, तापाचं साल. “अकरा. अन् वर दहा महिने.” मग माझा हात धरून मला आत ओढलं आणि भिंतीपुढं उभं करून सगळं सांगितलं.

मला एकच कळेना. “चाचा, कमान तयार होती तर इतकी वर्षं थांबले कशाला?”

“अरे, माल मुरू द्या लागते,” तो म्हणाला. “अब्बा सांगे, चुन्याले घाई केली का फुटते. भगवानरावाले बैठकीचं सुख लागू द्यावं, मोठे लोक येऊ द्यावे, पोरीबाळीचे संबंध तिथं जुळू द्यावे. माह्या अंदाजानं अजून पंधरा वर्षं तरी टाईम व्हता. आत्ता कुठं जमून राह्यलं होतं.”

गवंडी वर्षं चुन्यावर मोजतो, कोर्ट पंचांगावर. या हिशोबात बापाची जागा आणि सूड दोन्ही हातचे जायला दोनच महिने उरले होते. मी सुटीला आलो नसतो तर भगवानराव काही न करता जिंकले असते.

चाचानं मग आणखी चारच दिवस वाट पाहिली, कारण चौथ्या दिवशी भगवानरावांच्या मुलीला पाहायला चिखलीचे पाहुणे येणार होते.

त्या दिवशी बैठक भरली होती. पोहे फिरत होते. मी ओट्याच्या कडेला उभा होतो. बोलावणं नव्हतं, पण मला चुकवायचं नव्हतं. भगवानराव सांगत होते, “ही बैठक आपल्या वडिलोपार्जित जागेत हाये.” तेवढ्यात भिंतीतून ठक्क असा आवाज आला.

“उंदीर असंन,” भगवानराव म्हणाले.

पुन्हा ठक्क. एक आरसा तिरपा झाला. तिसऱ्या ठोक्याला तो खाली आला. निळ्या रंगाला तडा गेला, गिलाव्याचा पोपडा पाहुण्यांच्या पोह्यांत पडला आणि एक दगड आत घरंगळला. मग दुसरा. मग कमानीच्या पोटातली सगळी भर धाडकन कोसळली. धुरळ्यातून वाकून रहेमतचाचा आत आला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, हातात हातोडा. त्यानं पाहुण्यांना सलाम केला आणि भगवानरावांच्या शेजारच्या लोडाला टेकून बसला.

“बसा, बसा,” तो पाहुण्यांना म्हणाला. “उठता काऊन? माह्यं घर म्हंजे तुमचंच घर.”

भगवानराव ताडकन उठले. “अबे... माही भिंत फोडली!”

“कोणती तुमची?” चाचानं विचारलं. “दाखवा बरं पाव्हण्यायले. ही तुमची का? ही माह्या बापानं बांधली. घरात जाऊन पाहून या, माह्या चुलीचा धूर दिसंन पलीकडून.”

पाहुण्यांनी कमानीतून पाहिलं. चूल दिसली. चुलीवर भाजीही होती.

“पंचाईत झाली म्हणायची,” पाहुण्यांतला म्हातारा पोह्यांतला गिलावा निवडत म्हणाला आणि मंडळी पान न खाता उठली.

आतल्या दारातून मनकर्णाबाई, भगवानरावांची बायको, सगळं पाहत होती. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, “दीड हात जागा सोडली असती तं?”

भगवानराव तिसऱ्या दिवशी बुलढाण्याला दमणीतून गेले आणि दावा ठोकला. चाचाला हेच पाहिजे होतं. आपण फिर्याद केली असती तर आपल्याला सिद्ध करावं लागलं असतं. आता ते त्यांना करायचं होतं. आणि रागाच्या भरात भगवानरावांनी दाव्यात लिहून दिलं की बैठकीच्या चारही भिंती वादीच्या मालकीच्या आहेत, आणि त्या जागेत पूर्वी कोणाचंही कसलंही बांधकाम कधीच नव्हतं. शेजाऱ्याच्या भिंतीवर बैठक टेकवली, हे लिहायला लाज वाटली असणार. ज्यानं एवढी जागा दाबली त्याला लाज इतक्या उशिरा सुचली आणि नको तिथं सुचली.

कोर्टानं पाहणीसाठी कमिशनर पाठवला. एक तरुण वकील, डोक्यावर हॅट, हातात टेप. सगळं गाव गोळा झालं. चाचानं त्याला आपल्या बाजूचा कोपरा खरवडून दाखवला. दगडात दगड, बोट घालायला जागा नाही. मग त्याला पलीकडं नेलं, गिलाव्याचा पट्टा सोलला आणि आपली थापी त्याच्या हातात दिली. “घाला, साहेब.”

साहेबानं थापी घातली. थापीची मूठही आत गेली. साहेबानं हात बाहेर काढून बाहीवरचा गारा झटकला आणि कागदावर काहीतरी लांबलचक लिहिलं.

“आता हे खांब पाहा. यायच्या घराचा या जोडीले कोठीच हात लागला नाही. उद्या यायचं घर पडलं तरी बैठक उभी राहीन. माह्यं घर पडलं तं बैठक पडते.”

भगवानराव ओरडले, “अबे, हरामखोरा, तू मुद्दाम...”

“म्या सांगतलं व्हतं,” चाचा म्हणाला. “मधात बोलायचं नाही.”

गाव हसलं. अकरा वर्षांपूर्वी ओट्यावर हसलेले चौघे आता या बाजूनं हसत होते. चाचानं त्यांच्याकडं अशी नजर टाकली की दोघांचं हसू अर्ध्यातच राहिलं. त्यांचाही हिशोब कुठंतरी मुरायला टाकला होता, असं मला वाटतं.

मग चाचानं फरशी उचलायला सांगितली. मोतीराम आणि तो, दोघांनी खणलं. हातभर मुरूम निघाला, मग विटांची कड निघाली. हौद. कमिशनरनं कड मोजली. ती चाचाच्या भिंतीच्या पायाखाली गेलेली होती. मुरूम बाजूला केल्यावर खाली चुना लागला. वरचा थर दगड झालेला. मोतीरामनं पहार मारून तो फोडला आणि चाचानं आत हात घातला.

हात बाहेर आला तो कोपरापर्यंत पांढरा. बोटांमधून चुना लोण्यासारखा ओघळत होता. ओला, थंड, जिवंत. कमिशनरही पुढं होऊन पाहायला लागला. चाचा बराच वेळ बोटं चोळत राहिला.

“नूरजहां पाह्याले पाह्यजे होती,” एवढंच म्हणाला. मग हात धोतराला न पुसता तसाच भगवानरावांपुढं धरला. “उकिरडा म्हनत होते नं? हुंगून पाहा.”

कोर्टात भगवानरावांच्या वकिलानं शेवटचा डाव टाकला. “ही बैठक तू वादीच्या सांगण्यावरून बांधलीस की नाही?”

“हाव.”

“लाकूड, कवेलू वादीचं?”

“हाव.”

“मग ती तुझी कशी?”

“साहेब,” चाचा म्हणाला, “माह्या जागेत, माह्या भिंतीत दात घालून, आपलं लाकूड आणून कोणी खोली बांधून देत असंन तं मी नाही काऊन म्हनू? शेजारी हाये. मन मोडू नये.”

मुन्सफसाहेब पुण्याकडचे. त्यांना आमची भाषा ऐकून आधीच गंमत वाटत होती. हसू दाबून त्यांनी विचारलं, “जोड म्हणजे नक्की काय, मिस्तरी? तुमच्या धंद्यात कशाला म्हणतात?”

“जी खोली आपल्या पायावर उभी नाही राहत, दुसऱ्या घराले धरून उभी राहते, ती जोड. अन् जोड कोणाची? तिचे दात ज्याच्या भिंतीत, त्याची. पैसा कोणाचा, हुकूम कोणाचा, बसून कोण राह्यला, हे गवंडी विचारत नाही.”

मुन्सफांनी ते लिहून घेतलं. दावा फेटाळला. निकालाची नक्कल मीच केली, म्हणून खात्रीनं सांगतो, सदर इमारत ही प्रतिवादीच्या घराचा ‘ॲनेक्स’ आहे, असं त्यात लिहिलं होतं. मास्तरांच्या दुसऱ्या अर्थानं. पहिल्या अर्थानं ती भगवानरावांची होती, पण त्या अर्थाची दखल कोर्टानं घेतली नाही.

लोकांना वाटलं आता चाचा बैठकीत लोडाला टेकून बसेल. त्यानं लोड, तक्के, उरलेला आरसा सगळं भगवानरावांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि बैठकीच्या मधोमध, कमळाच्या खांबांमधे, बापाचा हौद पुन्हा मोकळा केला. बाजूला चुना विझवायची खड्डी केली. चुना विझवताना जो फसफसाट आणि वाफ होते ती निळ्या खिडकीतून थेट भगवानरावांच्या ओट्यावर जायची. ते सुपारी कातरायला बसले की चाचाला नेमका चुना विझवायचा असायचा.

राहिलं एक दार. बैठकीतून भगवानरावांच्या घरात जाणारं, त्यांनीच आपल्या भिंतीत पाडलेलं. ते बुजवायचं काम चाचानं मोतीरामलाही दिलं नाही. हौदातला जुना चुना काढला, बाभळीच्या मोगरीनं दिवसभर मळला आणि एकेक दगड लावत गेला. पलीकडं भगवानराव पाटावर जेवायला बसलेले. दर थराबरोबर ते थोडे कमी दिसायचे.

“बारीक काम हाये हो मिस्तरी तुमचं,” आतून मनकर्णाबाईचा आवाज आला. टोमणा होता की कौतुक, सांगता येत नाही.

“तुमच्याकडच्या बाजूनं अजून चांगलं दिसंन, बाई,” चाचा म्हणाला.

भिंत पुरी झाल्यावर ते कळलं. चाचाच्या बाजूनं ती आरशासारखी सपाट होती. भगवानरावांच्या बाजूला मात्र त्यानं दगड एकाआड एक वीतभर बाहेर ठेवले होते. वरपासून खालपर्यंत दात, भगवानरावांच्या पाटाकडं तोंड करून.

भगवानराव धावत बाहेर आले. “हे काय केलं बे? माह्या घरात दात कायले काढले?”

चाचा थापी धूत होता. “राहू द्या. पुढं कधी जोड काढा लागली तं कामात येतीन.”

ते तोडायचे तर दार बुजवणारे दगड आणि चुना चाचाचे. पुन्हा कोर्टात जायचं तर पुन्हा कमिशनर, पुन्हा गाव. भगवानराव जेवायची जागा बदलून माजघरात गेले, आणि पहिल्या महिन्यात दोनदा दातांवर कपाळ फोडून घेतल्यावर दातांच्या खोलीत जाईनासेच झाले. मनकर्णाबाईनं मात्र सोय पाहिली. दातांना सूप टांगलं, चाळणी टांगली, कांद्याच्या माळा लावल्या.

मी मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा चाचाला हे सांगितलं. मला वाटलं, हसेल.

तो हौदावरचं पाणी हातानं सारखं करत होता. म्हणाला, “टांगू दे. फक्त बाईले सांगजो, सामान कोणाच्या भिंतीवर हाये ते याद ठेवा म्हना.”